देणगीचा फलक नको, देण्याचा नियम हवा

परवा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मंडप चांगला होता, पोरींचं लेझीम तर फारच छान झालं. प्रमुख पाहुणे होते जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे साहेब. दोन वर्षांपूर्वी या कंपनीनं शाळेला रंग दिला, चार संगणक दिले आणि फाटकावर एक फलक लावला. त्या फलकावर कंपनीचं नाव हातभर, शाळेचं नाव वीतभर. साहेबांनी भाषणात संगणकांचा दोनदा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या.

आता खरी गोष्ट सांगतो. शाळेचं वीजबिल थकलेलं, जोडणी तोडलेली. संगणक आले तेव्हापासून कपाटात आहेत. कपाटाची किल्ली ज्या गुरुजींकडे होती त्यांची बदली झाली. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून समारंभ आटोपल्यावर सरपंचांना हळूच म्हटलं, "आबा, साहेब आलेच आहेत तर विजेचं बोलून घेऊ." आबा हसले. म्हणाले, "तात्या, धर्माची गाय अन् दात का नाय, असं विचारू नये. दिलं तेच काय कमी?" सगळे हसले. मीही हसलो आणि घरी आलो.

पण रात्री झोप लागेना. ही गाय खरंच धर्माची आहे का? कारखाना शाळेला, वाचनालयाला, कलावंताला जे देतो ते दान असतं की देणं असतं? दान असेल तर आबांचं बरोबर, हात जोडून घ्यावं आणि गप्प बसावं. देणं असेल तर मात्र हिशेब आला, नियम आला आणि विचारायचा हक्कही आला.

या प्रश्नावर मला एका काच कारखान्याची हकिकत आठवते. ती जर्मनीतली आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. इतक्या लांबची गोष्ट आपल्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. पण ऐकून तर घ्या. शेवटी ती आपल्या शाळेच्या फाटकापाशीच येते.

कंदिलाची काच का तडकते?

जर्मनीच्या थुरिंगिया भागात येना नावाचं शहर आहे. तिथं १५५८ पासून विद्यापीठ. याच येनात १८४६ साली कार्ल झाइस या कारागिरानं आपलं छोटं दुकान थाटलं आणि पुढं तो सूक्ष्मदर्शक बनवू लागला. त्या काळी भिंग बनवायची रीत म्हणजे घासायचं, लावून बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाही तर परत घासायचं. झाइसला हे पसंत नव्हतं. १८६६ मध्ये त्यानं विद्यापीठातल्या अर्न्स्ट आबे या तरुण शिक्षकाला सोबत घेतलं. आबेंनी प्रकाश भिंगातून कसा वळतो याचं गणित मांडलं आणि अंदाजाचं काम हिशेबावर आणलं.

पण गणित बरोबर आणि काच खराब, तर काय उपयोग? बियाणंच बोगस असेल तर मशागत किती करणार? तेव्हा १८७९ मध्ये ओटो शॉट नावाच्या एका तरुणाचं आबेंना पत्र आलं. घराणं काचवाल्यांचं आणि हा स्वतः रसायनशास्त्र शिकलेला. काचेत नवनवे पदार्थ मिसळून तो प्रयोग करत होता. १८८२ मध्ये तो येनाला राहायला आला आणि १८८४ मध्ये आबे, झाइस, झाइसचा मुलगा आणि शॉट यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा काढली. तिचाच पुढं मोठा कारखाना झाला.

या कारखान्यानं काय केलं ते कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्यांना लगेच कळेल. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती टचकन तडकायची. कारण काच तापली की फुगते, थंड झाली की आवळते. एक जागा फुगलेली आणि शेजारची आवळलेली, मग मध्ये चीर पडणारच. शॉटनं काचेत बोरॉनचं ऑक्साइड मिसळून अशी काच केली की जी तापली तरी फारच थोडी फुगते. तिला बोरोसिलिकेट काच म्हणतात. दिव्यांच्या चिमण्या, तापमापक, शाळेच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी, दवाखान्यातली इंजेक्शनची कुपी, या सगळ्याला हीच काच. २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं शॉटच्या भारतातल्या कुपी बनवणाऱ्या कंपनीत निम्मी भागीदारी घेतली. म्हणजे येनाची काच आपल्या इतकी जवळ येऊन पोचलेली आहे.

बापाचा रिकामा डबा

आता आबेंचं घर पाहू. जन्म १८४० चा, आयझेनाख गावचा. बाप सूतगिरणीत. दिवसाला चौदा ते सोळा तास यंत्रापाशी उभं राहून काम. दुपारचं जेवण घेऊन लहान अर्न्स्ट गिरणीत जायचा. बाप यंत्राला टेकून उभ्या उभ्याच घाईनं जेवायचा आणि रिकामं भांडं पोराच्या हातात देऊन पुन्हा कामाला लागायचा. ही आठवण आबेंनी पुढं मोठं झाल्यावर भाषणात सांगितली होती. पोरगं हुशार निघालं. गिरणीमालकाच्या मदतीनं ते शिकलं, प्राध्यापक झालं आणि कारखान्याचं भागीदारही झालं.

म्हणजे आबेंनी मालकाच्या मदतीचे दोन्ही पैलू घरातच पाहिले होते. त्याच मालकाकडे बापाचं अंग झिजत होतं आणि त्याच मालकाच्या मदतीनं लेक शिकत होता. मला वाटतं, मदत नियमानं यावी, कुणाच्या मर्जीनं नको, हा विचार तिथंच रुजला असणार. शंभर पोरांतल्या एकाच्या नशिबी दयाळू मालक येतो. उरलेल्या नव्व्याण्णवांनी काय करायचं?

आबे श्रीमंत झाले तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की हा नफा माझ्या एकट्याचा नाही. विद्यापीठात पिढ्यान् पिढ्या साठलेलं ज्ञान आणि कामगारांचे हात, या दोन्हींमुळे तो झाला. तेव्हा तो परत तिकडं गेला पाहिजे. सुरुवातीला त्यांनी विद्यापीठाला पैसे दिले ते नाव न सांगता. कुठं फलक नाही, सत्कार नाही.

मालकानंच मालकी सोडली

१८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. १८८९ मध्ये आबेंनी एक प्रतिष्ठान काढलं आणि त्याला नाव दिलं झाइसचं, स्वतःचं नाही. १८९१ मध्ये दोन्ही कारखान्यांतला आपला हिस्सा त्यांनी या प्रतिष्ठानाच्या नावे केला. पुढं १९१९ मध्ये शॉटनंही काच कारखान्यातला आपला हिस्सा तिथंच दिला. आबे स्वतः मालकाचे पगारी व्यवस्थापक झाले. विचार करा, किती जणांना जमेल हे? आपल्याकडं बांधावरची फूटभर जमीन सुटत नाही, दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

पण मला त्या त्यागापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. १८९६ मध्ये आबेंनी प्रतिष्ठानाचे नियम लेखी केले. त्यात काय होतं? सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याचा पगार कामगारांच्या सरासरी मजुरीच्या दहापटीपेक्षा जास्त नसावा. कामगाराला भरपगारी रजा, निवृत्तिवेतन आणि नफ्यात वाटा मिळावा. नेमणूक करताना माणसाचं कूळ, धर्म, पक्ष बघू नये. आणि कारखान्याची गरज भागल्यावर नफ्यातून विद्यापीठाला आणि शहराच्या सार्वजनिक कामांना पैसा जावा. १९०० मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. नऊ तासांत व्हायचं तेवढं काम आठ तासांत होऊ लागलं, किंचित जास्तच.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. शाळा-वाचनालयाला देणगी आणि कामगाराला पिळवणूक, असा दुहेरी व्यवहार तिथं नव्हता. आधी घरचं नीट आणि मग गावचं. आपल्याकडं काही ठिकाणी ठेकेदारी पोरांना वेळेवर पगार नसतो आणि शाळेच्या भिंतीवर मात्र कंपनीचे रंगीत फुगे काढलेले असतात. असल्या रंगाला काय अर्थ?

वाचनालयात कुणाचं वर्तमानपत्र?

१८९६ मध्येच येनात सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. पैसा प्रतिष्ठानाचा. तिथं सगळ्या पक्षांची वर्तमानपत्रं ठेवली जात. मालकाच्या बाजूची आणि मालकाच्या विरोधातलीही. जिथं एका गटाचा पेपर दुसऱ्या गटाच्या पारावर चालत नाही, अशा गावात राहणाऱ्यांना याचं मोल कळेल.

पुढं १९०३ मध्ये प्रतिष्ठानाच्या पैशातून एक मोठी इमारत उभी राहिली. तिचं नाव फोक्सहाउस, म्हणजे लोकांचं घर. वाचनालय तिथं गेलं. व्याख्यानांच्या खोल्या झाल्या, चित्रांची प्रदर्शनं भरू लागली, मोठ्या सभागृहात संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. हे सभागृह कुणाही पक्षाला सभेसाठी मिळालं पाहिजे, असा आबेंचा आग्रह होता. ज्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला १८७८ ते १८९० या काळात खास कायदा करून सरकारनं दाबलं होतं, त्याच पक्षाचं अधिवेशन १९०५ मध्ये याच लोकांच्या घरात भरलं. आबे त्याच वर्षी जानेवारीत वारले होते, पण नियम मागं राहिला होता. माणूस गेला की त्याची मर्जी त्याच्याबरोबर जाते. नियम राहतो.

विद्यापीठाची नवी मुख्य इमारत १९०८ मध्ये झाली, तिच्या खर्चातही प्रतिष्ठानाचा वाटा होता. १९२६ मध्ये येनात तारांगण सुरू झालं. गोल छतावर आकाशातले तारे दाखवणारं यंत्र ही झाइस कारखान्याचीच करामत. शहरगावी सहलीला जाऊन तारांगण पाहिलेल्या आपल्या पोरांनी ज्याला पाहून तोंडात बोटं घातली, त्या विद्येचा उगम इथला आहे.

कलावंताला सत्कार नको, काम द्या

कलेला मदत म्हटलं की आपल्याकडं काय होतं? गणपतीत एक कार्यक्रम, मंचावर कंपनीचा पडदा, आणि म्हाताऱ्या शाहिराला शाल-श्रीफळ. शाल घेऊन तो शाहीर रात्रीच्या एसटीनं घरी जातो, आणि घरी चूल पेटायची पंचाईत असते. शालीला माझा विरोध नाही. पण शालीनं पोट भरत नाही.

येनाच्या काच कारखान्यानं कलावंतांना काम दिलं. गेरहार्ड मार्क्स हे शिल्पकार. त्यांनी या कारखान्यासाठी काचेच्या कॉफीपात्राचा घाट घडवला. १९३१ पासून विल्हेल्म वागेनफेल्ड या कलावंतानं इथल्या काचेची चहादाणी आणि स्वयंपाकाची भांडी घडवली. ती दिसायला साधी, वापरायला सोयीची आणि विस्तवाची धग सोसणारी. प्रयोगशाळेतली काच अशी सामान्य माणसाच्या जेवणाच्या टेबलावर आली. कलावंताला मेहनताना मिळाला, कारखान्याचा माल खपला आणि घराघरात एक सुंदर वस्तू गेली. आबेंचं स्मारक लोकांच्या घराजवळ १९११ मध्ये उभं राहिलं, त्यातही कॉन्स्तांतीन म्यूनिए या बेल्जियन शिल्पकारानं घडवलेली राबणाऱ्या कामगारांची शिल्पं आहेत.

आपल्या भागात बुरूड आहेत, कुंभार आहेत, घोंगडी विणणारे आहेत. एखाद्या कंपनीनं दिवाळीच्या भेटवस्तू परगावच्या दुकानातून घ्यायच्या ऐवजी आपल्या कुंभाराकडून पाचशे पणत्या आणि बुरुडाकडून पाचशे टोपल्या रोख पैसे देऊन घेतल्या, तर ती दहा सत्कारांपेक्षा मोठी मदत होईल.

नियमालाही राखणदार लागतो

ही हकिकत ऐकून येनात सगळं गोडच होतं असं समजू नका. हिटलरच्या राजवटीत कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथं सक्तीनं आणलेले परदेशी मजूर राबवले गेले. कूळ-धर्म बघू नये असा नियम ज्या घराचा, त्याच घरात हे घडलं. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य परत जाताना निवडक तज्ज्ञांना पश्चिमेकडे घेऊन गेलं. १९४८ मध्ये पूर्व जर्मनीतल्या राजवटीनं येनाचे कारखाने ताब्यात घेतले. पश्चिमेत वेगळे कारखाने उभे राहिले. जर्मनी एक झाल्यावर पुन्हा सांधेजोड झाली. २००४ मध्ये दोन्ही कंपन्यांची रचना बदलली, पण त्यांची मालकी प्रतिष्ठानाकडेच राहिली. झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांच्या नफ्यातला भाग आजही विज्ञान आणि तंत्रशिक्षणाला जातो.

यातून शिकायचं ते एवढंच, की नियम लिहून ठेवणं ही निम्मी लढाई. तो पाळला जातो की नाही हे बघणारे डोळे नसतील तर चांगला नियमही कागदावर राहतो. कुंपण घातलं म्हणून राखण संपत नाही.

तळेगावचा एकेक पैसा

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. काच आणि शिक्षण यांचं नातं आपल्या महाराष्ट्रानंही पाहिलं आहे, तेही उलट्या बाजूनं. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांचं पाठबळ मिळालं. त्या थेंबाथेंबातून १९०८ मध्ये पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं कामाला लागले. हा नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. पोरांनी भट्टीपुढं उभं राहून शिकायचं, तयार व्हायचं आणि दुसरीकडं जाऊन काचेचं काम वाढवायचं. इथं तयार झालेले हात पुढं देशातल्या काच कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेयांनी पुढं उत्तरेत काच कारखाना काढला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील गावोगावच्या पडवीत लटकला, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

येनात कारखान्यानं लोकांना दिलं. तळेगावात लोकांनी कारखान्याला दिलं आणि कारखान्यानं ते विद्येच्या रूपानं परत केलं. दोन्हीकडं मेहेरबानीचा संबंध नव्हता. देणं-घेणं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आपला कायदा काय म्हणतो

आता परत आपल्या फाटकापाशी येऊ. आपल्या देशात कंपनी कायदा २०१३ चा आहे. त्याच्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा वर्षाची उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. शिक्षण त्यात येतं. कला, संस्कृती, जुन्या वास्तूंची जपणूक, सार्वजनिक वाचनालयं आणि पारंपरिक हस्तकलाही त्यात येतात. कंपनी जिथं काम करते त्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायद्यात म्हटलं आहे. मंजूर केलेली कामं कंपनीनं आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायची असतात. गावातला कॉलेजला जाणारा कुठलाही पोरगा ती मोबाईलवर पाच मिनिटांत काढून देईल.

म्हणजे आबा, गाय धर्माची नाही. तिचा कासरा कायद्याच्या खुंटीला बांधलेला आहे. दात मोजायला हरकत नाही.

सहकारी साखर कारखाना या कायद्याखाली येत नाही, कारण तो कंपनी नाही. पण तिथं तर आपलाच पैसा आहे. सहकारातून आपल्या भागात शाळा आणि कॉलेजं उभी राहिली, शेतकऱ्यांची पोरं इंजिनियर झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण जिथं उसाच्या बिलातून शिक्षणासाठी कपात झाली, तिथं ती किती झाली, कुठं गेली, त्या संस्थेत सभासदाच्या पोराला फी किती, हे वार्षिक सभेत विचारायला काय हरकत आहे? आपल्या कपातीतून बांधलेल्या शाळेत आपल्याच पोरासाठी चिठ्ठी घेऊन उभं राहावं लागत असेल, तर ते देणं कुठं तरी अडलं असं म्हणावं लागेल.

प्रश्न विचारले तर मदत बंद होईल?

आबांचं दुसरंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. "जास्त प्रश्न विचारले तर कंपनी शेजारच्या गावाला जाईल," असं ते म्हणतात. होय, काम कुठं करायचं हे कंपनीच ठरवते, आणि कायदा कुठल्याही एका गावाला हक्क देत नाही. पण माझा अनुभव असा की कंपनीच्या माणसांनाही चाललेलं काम दाखवायचं असतं. कपाटात पडलेल्या संगणकांचा फोटो कुणालाच वर पाठवायचा नसतो. गावानं नीट मागितलं तर त्यांचंही काम सोपं होतं. आपण मागतच नाही. जे येईल ते हार घालून घेतो आणि मागं नावं ठेवतो. चूक एका बाजूची नाही. वीजबिल कंपनीनं नाही थकवलं, ते आपण थकवलं.

तेव्हा गावकरी, सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे.

पहिलं, मागणी आधी ग्रामसभेत ठरू द्या. शाळेला रंग हवा की गणिताचा शिक्षक, संगणक हवेत की वीज, हे शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी बोलावं. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असा शिक्षण हक्काचा कायदाच आहे. बायकांना बोलू द्या. पोरं शाळेतून आल्यावर काय सांगतात ते त्यांना जास्त ठाऊक असतं.

दुसरं, एकदाच्या वस्तूपेक्षा दरवर्षीचं काम मागा. चार संगणकांपेक्षा पाच वर्षांचं वीजबिल आणि दुरुस्ती महत्त्वाची. पुस्तकांच्या पेटीपेक्षा संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडणाऱ्या माणसाचं मानधन महत्त्वाचं. दहावीनंतर शिकणाऱ्या पोरींना एकदा सायकल वाटण्यापेक्षा तीन वर्षांचा प्रवासखर्च बरा.

तिसरं, जे ठरेल ते कागदावर घ्या. किती वर्षं, किती रुपये, देखभाल कुणाकडं, वस्तू कुणाच्या नावे, हे सगळं त्यात असावं. साहेब बदलले, सरपंच बदलले, गुरुजींची बदली झाली, तरी कागद राहतो.

चौथं, वाचनालय झालं तर ते सगळ्यांचं ठेवा. सगळ्या पक्षांचे पेपर, सगळ्या आळ्यांची पोरं. देणाऱ्याचं नाव लावायला ना नाही, पण ते आतल्या नोंदवहीत, खर्चाच्या हिशेबाशेजारी लावा. फाटकावर शाळेचंच नाव मोठं असू द्या.

पाचवं, वर्षातून एकदा ग्रामसभेत हिशेब वाचा. काय आलं, काय चालू आहे, काय बंद पडलं. बंद पडलेलं सांगायला लाजू नका.

आबेंची आणि माझी काही सोयरीक नाही. मोठं मन सगळ्यांना असतं असंही नाही. पण चांगल्या मनाची वाट बघत बसण्यापेक्षा साधा नियम करणं आपल्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. त्याआधी आबांना घेऊन दोन कामं करायची आहेत. एक, वीजबिलाचे किती रुपये भरायचे ते विचारून यायचं. आणि दुसरं, बदली झालेल्या गुरुजींना फोन लावून विचारायचं की कपाटाची किल्ली नेमकी कुठं ठेवली आहे.